शंकूंमधल्या शर्यतीसाठी जुनी गाडी घेताना

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जुनी गाडी कशी निवडावी यावर वर्तमानपत्रांच्या वाहनविषयक पानांवर बरेच लिहून येते. लिटरमागे किती पळते, डिकी केवढी, पुढे विकताना काय येईल, हे सगळे त्यात असते. रोजच्या वापराला तेवढे पुरते. पण ऑटोक्रॉसची हौस असलेला नवखा माणूस हेच निकष घेऊन बाजारात उतरतो, त्यात ‘अश्वशक्ती जास्त ती गाडी चांगली’ हा स्वतःचा निकष जोडतो आणि नको ती गाडी घेऊन बसतो. म्हणून हे पत्र.

ऑटोक्रॉसमध्ये मोकळ्या पक्क्या मैदानावर शंकू मांडून वळणावळणाचा मार्ग आखतात. एका वेळी एकच गाडी सुटते आणि स्पर्धा घड्याळाशी असते. फेरी साधारण मिनिटभराची. शंकू पाडला की बहुतेक ठिकाणी 2 सेकंदांचा दंड लागतो, मार्ग चुकला की फेरी बाद. वेग क्वचितच ताशी 100 किमीच्या वर जातो आणि सुटल्यानंतरची जवळजवळ सगळी फेरी दुसऱ्या गिअरमध्येच होते. मातीवरच्या ऑटोक्रॉसचे हिशेब वेगळे असतात, ते इथे घेतलेले नाहीत.

अशा मार्गावर 100 अश्वशक्तीची 950 किलोची गाडी 200 अश्वशक्तीच्या 1400 किलोच्या गाडीला सहज मागे टाकू शकते. सरळ पट्टा एवढा लहान असतो की जास्तीची ताकद वापरायला मिळण्याआधीच ब्रेक लावावा लागतो, आणि प्रत्येक वळणात तो जास्तीचा साडेचारशे किलोंचा बोजा टायरांनाच सांभाळावा लागतो. त्यामुळे गाडी निवडताना चार आकडे आधी पाहावेत: रिकाम्या गाडीचे वजन, रुंदी, दुसऱ्या गिअरमधला सर्वाधिक वेग आणि स्टिअरिंगचे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे. संपादक महोदय, आपल्या पानावर गाड्यांच्या तुलनेचा तक्ता येईल तेव्हा हे आकडेही द्यावेत, अशी विनंती आहे. त्यातला दुसऱ्या गिअरचा वेग कोणी छापतच नाही.

रुंदीचे महत्त्व पटकन लक्षात येत नाही. एका रेषेत मांडलेल्या शंकूंमधून नागमोडी जाताना गाडीची मध्यरेषा एका शंकूच्या डावीकडून पुढच्याच्या उजवीकडे न्यावी लागते, म्हणजे प्रत्येक वेळी किमान गाडीच्या रुंदीएवढी सरकवावी लागते. गाडी 15 सेंटीमीटरने रुंद असेल, तर प्रत्येक शंकूपाशी तेवढेच जास्त वळावे लागते, आणि ते त्याच वेगात जमत नाही. दुसऱ्या गिअरचे गणितही असेच आहे. जी गाडी दुसऱ्यात 80 लाच इंजिनच्या कमाल फेऱ्यांवर पोचते, तिला वेगवान मार्गावर क्षणभरासाठी तिसरा टाकावा लागतो आणि लगेच परत दुसरा. त्या दोन बदलांत जाणारा वेळ पुढे भरून निघत नाही. 95 ते 105 च्या दरम्यान दुसरा संपत असेल तर उत्तम. स्टिअरिंगचे फेरे तीनपेक्षा कमी असावेत, नाहीतर घट्ट वळणात हात अडकतात.

उंच आणि अरुंद गाड्या मात्र सोडून द्याव्यात. गुरुत्वमध्य वर असल्याने त्या उलटण्याचा धोका असतो आणि बरेच आयोजक त्यांना प्रवेशच देत नाहीत.

पुढची चाके ओढणारी गाडी घ्यावी की मागची ढकलणारी, यावर वाद घालायला लोकांना आवडते. नवख्यासाठी दोन्ही चालतात. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी स्वस्त मिळते आणि चालकाच्या चुका सांभाळून घेते. तिचा दोष असा की वळणातून बाहेर पडताना आतले पुढचे चाक हलके होऊन गरगरते आणि ताकद वाया जाते. मागच्या चाकांवर चालणारी गाडी अ‍ॅक्सिलरेटरने वळवता येते, पण चूक झाली की गोल फिरते. मध्यभागी इंजिन असलेली, उदाहरणार्थ 1984 ते 1989 मधली टोयोटा एमआर2, वळणात असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय एकदम काढला तर मागचा भाग इतक्या चटकन बाहेर टाकते की सुधारायला वेळ उरत नाही. पहिली गाडी म्हणून ती नको.

सस्पेन्शनकडे मात्र बारकाईने बघावे. डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाकाला वर-खाली असे दोन आर्म, असलेल्या गाडीत चाक वर दबते तसे ते वरच्या बाजूने आत झुकते, त्यामुळे गाडी कलली तरी बाहेरचा टायर जमिनीवर बऱ्यापैकी सपाट राहतो. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये, म्हणजे खाली आर्म आणि वर शॉकअपच चाकाला धरतो त्या रचनेत, हा झुकाव पुरेसा वाढत नाही. गाडी कलली की टायर बाहेरच्या खांद्यावर चढतो आणि तिथेच घासून संपतो. यावर उपाय आहेत. स्ट्रटला खास कॅम्बर बोल्ट (कॅम्बर म्हणजे हाच झुकाव) घालून साधारण एक ते दीड अंश मिळवता येतो, वरच्या बाजूला कॅम्बर प्लेट बसवून त्याहून जास्त. पण मूळ रचनाच चांगली असेल तर तो खर्च वाचतो.

या सगळ्या कसोट्यांवर जगभर वर्षानुवर्षे टिकलेली नावे मोजकीच आहेत. पहिले नाव माझ्दा एमएक्स-5 चे. 1989 ते 1997 ची पहिली पिढी साधारण 950 ते 1000 किलोंची, चारही चाकांना डबल विशबोन, सुटे भाग मुबलक. दाराच्या मागच्या बाजूला छताचे पाणी वाहून जाण्याची भोके असतात. ती पानापाचोळ्याने तुंबली की पाणी उंबऱ्याच्या पत्र्यात साचते आणि गंज आतून बाहेर येतो. तिथे हाताने दाबून पाहावे. अगदी सुरुवातीच्या, 1991 पर्यंतच्या काही 1.6 लिटर गाड्यांत क्रँकशाफ्टचे पुढचे टोक आखूड आहे. पुलीचा बोल्ट सैल झाला की शाफ्टवर तिला जागेवर धरणाऱ्या छोट्या चावीची खाच झिजते, टायमिंग सरकते आणि शेवटी क्रँक बदलावा लागतो. ओळखायची खूण अशी की पुलीच्या मधल्या भागात चार खाचा दिसल्या तर आखूड टोकाचा, आठ दिसल्या तर नंतरचा. उंच माणसाने हेल्मेट घालून, छत बंद करून बसून पाहावे. डोके टेकत असेल तर सौदा तिथेच थांबवावा.

दुसरे नाव होंडा सिव्हिकचे. 1988 ते 2000 दरम्यानच्या मॉडेलांना पुढे-मागे डबल विशबोन होते. 2001 च्या मॉडेलपासून पुढे स्ट्रट आले, हे विकणारा सांगत नाही. मागच्या चाकांच्या कमानी गंजतात आणि मागच्या ट्रेलिंग आर्मचे (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याचे) मोठे रबरी बुश फाटतात. बुश फाटला की ब्रेक लावताना मागचे चाक आपल्या मर्जीने दिशा बदलते. या गाड्यांत इंजिन बदललेली खूप असतात. बदललेले इंजिन म्हणजे कोणीतरी घाईत जोडलेली वायरिंग, आणि स्पर्धेत गट ठरवतानाही कटकट.

बीएमडब्ल्यूची ई36, म्हणजे 1990 च्या दशकातली 3 सीरिज, जड आहे पण तोल सुरेख. तिचे दुखणे थंडाव्याच्या यंत्रणेत: रेडिएटरची प्लॅस्टिकची नळकांडी वयाने ठिसूळ होऊन तुटते, काही वॉटर पंपांत पंखाही प्लॅस्टिकचाच असतो. इंजिन तापले की अ‍ॅल्युमिनियमचे हेड वाकते. मागच्या सबफ्रेमच्या (सस्पेन्शन धरणाऱ्या चौकटीच्या) बैठका आणि शॉकअपच्या वरच्या माउंटिंगजवळचा पत्रा तडकलेला नाही ना, हे गाडी उचलून, टॉर्च लावून पाहावेच लागते. 2002 ते 2006 ची सुपरचार्जरवाली मिनी कूपर एस शंकूंमध्ये मजेदार आहे. तिच्या बॉनेटखाली पुढच्या स्ट्रटच्या वरचा पत्रा खड्ड्यांच्या माराने वर फुगतो. तिथे पट्टी आडवी ठेवली की फुगवटा लगेच कळतो. तो फुगला म्हणजे चाकांचे कोन बिघडलेच. सुझुकी स्विफ्टसारख्या हलक्या हॅचबॅकना कमी लेखू नये. त्यांना पुढे स्ट्रट आणि मागे साधा टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारी एकच तुळई) असला, तरी वजन कमी, भाग सगळीकडे मिळतात आणि त्यांचे काम न येणारा मेकॅनिक विरळाच.

स्वस्त दिसणारी एक गाडी मात्र जपून घ्यावी: माझ्दा आरएक्स-8. बांधणी उत्तम, पण रोटरी इंजिनची सीले झिजली की कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनमध्ये हवा दाबली जाण्याचा जोर, जाते, तापलेले इंजिन परत सुरू होत नाही आणि दुरुस्ती म्हणजे इंजिन पूर्ण खोलणे. साध्या कॉम्प्रेशन मीटरने तिचा निकाल लागत नाही, रोटरीचा वेगळा मीटर लागतो. तो नसेल तर ती घेऊच नये.

आता तपासणी. गाडी पाहायला जाताना ‘इंजिन सुरू करून ठेवू नका’ असे आधी सांगावे आणि पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून बघावे. गरम लागले तर काहीतरी लपवले जात असण्याची शक्यता आहे. थंड इंजिनचे रेडिएटर झाकण उघडून कूलंट पाहावे. गंजाचा लाल गढूळपणा किंवा वर तेलाचा तवंग असेल तर परत फिरावे. मग इंजिन सुरू करावे. सुरू होताना निळा धूर येऊन थांबला तर बहुधा व्हॉल्व्हची सीले गेलेली असतात, तो खर्च सोसण्यासारखा आहे. गाडी जोर घेताना निळा धूर सतत राहिला तर रिंगा गेल्या. गरम झाल्यावरही गोडसर वासाची पांढरी वाफ येत राहिली तर हेड गॅस्केटमधून कूलंट आत जाते आहे.

कॉम्प्रेशन तपासणी विकणाऱ्याने नाकारली तर गाडीही नाकारावी. इंजिन गरम, सगळे स्पार्क प्लग काढलेले, इंधन आणि इग्निशन बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आणि बॅटरी भरलेली, अशा स्थितीत प्लगच्या जागी मीटर लावून प्रत्येक सिलिंडरला स्टार्टरने पाच-सहा फटके द्यावेत. आकडा किती यापेक्षा सिलिंडरांमधला फरक किती हे महत्त्वाचे. 10 टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, 15 च्या वर गेला तर दुखणे आहे. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजावे: आकडा चढला तर रिंगा, न चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकत्र कमी दाखवत असतील तर त्यांच्या मधली गॅस्केट उडालेली असते. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती मागावी. पावती नसेल तर बदललेलाच नाही असे धरून बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप यांचा खर्च किमतीतून वजा करावा.

गिअरबॉक्समध्ये दुसरा गिअर सगळ्यात महत्त्वाचा, कारण पुढे सगळा मार त्यालाच बसणार आहे. गाडी चांगली गरम झाल्यावर तिसऱ्यातून दुसऱ्यात इंजिनच्या थोड्या चढ्या फेऱ्यांवर टाकून पाहावे. खरखर आली किंवा अडले तर सिंक्रो (गिअर अलगद जुळवणारे कडे) झिजले आहे आणि दोन-चार स्पर्धांत ते पूर्ण जाईल. क्लचसाठी मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये कमी वेगात पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्यावा. इंजिनचे फेरे चढले आणि वेग चढला नाही तर क्लच प्लेट संपली.

मग गाडी उचलावी, आणि फक्त जॅकवर कधीच नाही, खाली स्टँड हवेच. चाक वर-खाली धरून हलवले तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंटचा खुळखुळाट कळतो, डावी-उजवीकडे हलवले तर टाय रॉडचा. चालवताना गुंगुं आवाज डावीकडे वळल्यावर वाढत असेल तर उजव्या चाकाचे बेअरिंग संशयित, कारण भार तिकडे जातो. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरताना टकटक आली तर पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट गेला. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एकच चाक गरगरू न देता दोन्ही चाकांना ताकद देणारे) आहे असे सांगितले असेल तर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडून, मागची दोन्ही चाके अधांतरी ठेवून एक फिरवावे. दुसरे त्याच दिशेने फिरले तर आहे, उलट फिरले तर बहुधा साधे. टॉर्सन प्रकाराच्या दातेरी डिफरन्शियलबाबत मात्र ही परीक्षा फसवू शकते.

अपघाताची गाडी ओळखायला रंगाच्या छटा पाहत बसण्यापेक्षा मोजपट्टी बरी. स्टिअरिंग सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजावे. फरक सेंटीमीटरच्या वर गेला तर कुठेतरी काहीतरी वाकलेले आहे. (जुन्या रेनॉ 4 मध्ये हा फरक कारखान्यातूनच होता, पण ती गाडी कोणी या कामाला घेत नाही.) शक्य असेल तर पैसे देण्याआधी चारही चाकांचे अलाइनमेंट मोजून छापील कागद घ्यावा. डाव्या-उजव्या कॅस्टरमध्ये (बाजूने पाहता चाक ज्या आसावर वळते त्याच्या पुढे-मागे झुकावात) अर्ध्या अंशाहून जास्त फरक असेल तर कारण समजल्याशिवाय पुढे जाऊ नये. गंजाचे म्हणाल तर दारे, बॉनेट यांचा गंज फारसा भिण्यासारखा नसतो. जॅक लावायच्या जागा, सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडले जाते ते पत्रे आणि ब्रेकचे लोखंडी पाइप, या तीन ठिकाणचा गंज मात्र गाडी रद्द करणारा. तिथे साधे लोहचुंबक फिरवावे. पत्र्याऐवजी पुट्टी असेल तर ते चिकटत नाही.

आधीच्या मालकाने ‘रेसिंगसाठी तयार केलेली’ गाडी स्वस्तात मिळत असली तरी टाळावी असे आमचे मत आहे. कापलेल्या स्प्रिंगा हा तिचा ठरलेला रोग. गाडी खाली बसते, शॉकअपची हालचाल उरत नाही, वळणात सस्पेन्शन रबरी ठोकळ्यावर आदळते आणि पकड एकदम सुटते. स्ट्रटवाल्या गाडीत फार खाली बसल्याने खालचे आर्म उलट्या कोनात जातात आणि गाडी पूर्वीपेक्षा जास्त कलते. शिवाय नियमांचा प्रश्न आहेच. अमेरिकेतल्या एससीसीए (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) संस्थेच्या ‘स्ट्रीट’ गटात मूळ स्प्रिंगा बदलता येत नाहीत आणि टायरचा ट्रेडवेअर आकडा (नक्षी किती टिकेल याचा, कमी म्हणजे मऊ रबर) किमान 200 लागतो. इतर आयोजकांचेही असेच गट असतात. एका स्प्रिंगेपायी साधी गाडी भरपूर बदल केलेल्या गाड्यांच्या गटात जाऊन पडते. गाडी घेण्याआधी ज्यांच्या स्पर्धेत उतरायचे त्यांची नियमावली वाचावी, गाडी घेतल्यावर नव्हे.

हाताशी असलेल्या रकमेपैकी दोन तृतीयांशच गाडीवर घालवावेत. उरलेल्यातून आधी ब्रेक फ्लुइड, इंजिन ऑइल, गिअर ऑइल, कूलंट, पट्टे आणि फाटलेले बुश. डॉट 4 ब्रेक फ्लुइड नवे असताना किमान 230 अंशांना उकळते, ओलावा शोषला की हीच मर्यादा 155 पर्यंत उतरते. म्हणून दोन वर्षांहून जुने असेल तर ते फेकावे. त्यानंतर अलाइनमेंट: पुढच्या चाकांना जमेल तेवढा, दोन ते तीन अंशांपर्यंत ऋण (वरून आत झुकलेला) कॅम्बर, पुढचा टो (वरून पाहता चाकांची तोंडे आत-बाहेर वळलेली असणे) शून्य किंवा किंचित बाहेर, आणि मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मागचा टो किंचित आत. मग शॉकअप. स्प्रिंगांपेक्षा चांगले शॉकअप कधीही जास्त वेळ वाचवतात, कारण नागमोडी मार्गात गाडी एका बाजूवरून दुसरीवर किती लवकर आणि किती शांतपणे जाते हे तेच ठरवतात. एअर फिल्टर आणि सायलेन्सर या यादीत नाहीत. ते आवाज वाढवतात.

टायरांवर सगळ्यात जास्त वेळ कमावता येतो, तरी पहिल्या काही स्पर्धा बऱ्या स्थितीतल्या साध्या टायरांवर कराव्यात. ते सुटण्याआधी ओरडून सांगतात. जास्त पकडीचे टायर गप्प राहतात आणि नवख्याच्या चुका झाकतात. जुने टायर घेताना बाजूवरचा चार आकडी क्रमांक वाचावा: 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असली तरी सहा वर्षांपुढे रबर कडक झालेले असते. हवेचा दाब ठरवायला टायरच्या खांद्यावर खडूने आडव्या रेघा ओढून फेरी मारावी. बाहेरच्या कडेवरच्या त्रिकोणी खुणेच्याही पलीकडे खडू पुसला गेला तर दाब कमी आहे, खुणेच्या बराच अलीकडे थांबला तर जास्त. दोन-दोन पीएसआयच्या पावलांनी बदलावे आणि प्रत्येक फेरीनंतर मोजावे, कारण टायर तापले की दाब चढतो.

लांब वळणात इंजिन ऑइल आणि पेट्रोल दोन्ही आपापल्या टाकीच्या एका कडेला सरकतात. ऑइल कायम वरच्या खुणेपर्यंत ठेवावे. पाव टाकीच्या खाली पेट्रोल गेले की अनेक जुन्या गाड्या वळणात अडखळतात, आणि लोक इग्निशन शोधत बसतात. अर्धी टाकी ठेवावी. पूर्ण भरू नये, तेवढेच वजन कमी.

मैदानावरच्या तांत्रिक तपासणीत बाद होण्याची कारणे बहुतेक वेळा क्षुल्लक असतात: बॅटरीची पट्टी सैल, दाबून सोडला तरी अ‍ॅक्सिलरेटर परत न येणे, ब्रेक पेडल स्पंजासारखे, व्हील बेअरिंगला खेळ, टायरमधून दिसणाऱ्या तारा, सीटखाली राहिलेली पाण्याची बाटली. चाकांचे नट टॉर्क पान्याने गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याला आवळावेत आणि पहिल्या फेरीनंतर परत तपासावेत. मूळ सीटमध्ये माणूस वळणात सरकतो आणि स्टिअरिंगला लटकतो. त्यावर बिनपैशाचा उपाय असा की सीट एक-दोन खाचा मागे घ्यावी, पट्टा लावून झटक्याने ओढून लॉक करावा आणि तसाच धरून सीट पुढे सरकवावी. पट्टा कमरेवर घट्ट बसतो आणि हात फक्त वळवायला मोकळे राहतात.

आपले,
हौशी ऑटोक्रॉसमधील काही चालक आणि मेकॅनिक